आल्प्समधलं मोठं स्की रिसॉर्ट, आणि चौघांत एकालाही स्की येत नाही: काय वाढून ठेवलंय?

केतकी_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत फाशिंगच्या (इथल्या कार्निव्हलच्या) सुट्टीत आम्ही आठवडाभर फ्रान्समधल्या व्हाल तोराँसला जातोय. मी (४३), नवरा (४६), मुलगी (१३) आणि सासूबाई (७१). चौघांपैकी एकानेही आजवर स्कीवर पाय ठेवलेला नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की हे युरोपातलं सगळ्यात उंचावरचं रिसॉर्ट आहे, लिफ्टच्या एका पासवर ६०० किलोमीटरच्या पिस्ट (म्हणजे स्कीसाठी आखलेल्या वाटा), बर्फाची तर खात्रीच. झालं, त्याच रात्री बुकिंग. पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत, त्यामुळे "जाऊ नका" हा सल्ला कृपया देऊ नका.

मला नेमकं कळत नाहीये की तिथे दिवस कसा जातो. सकाळी उठून नक्की काय करायचं? आम्ही गाडीने जाणार आहोत. सासूबाईंनी आठवडाभर खिडकीत बसून राहायचं का? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय.

घसरलेला

केतकी, मी १९ वर्षं ग्रनोबलला राहतोय. पहिल्यांदा स्की चढवल्या तेव्हा ४४ वर्षांचा होतो, आता ५८. मला स्की येते असं माझी बायको अजूनही म्हणत नाही, पण पडायचं कसं ते मी नक्की सांगू शकतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तो ६०० चा आकडा डोक्यातून काढा. तो तुमच्यासाठी नाही. पहिले तीन दिवस तुम्ही गावालगतच्या एका उतारावर काढाल. तो इतका सौम्य असतो की उन्हाळ्यात तिथे उभं राहिलात तर हा उतार आहे हे कुणी सांगावं लागेल. आणि त्याच उतारावर पायात स्की असताना घाम फुटेल. बाजूने सरकता पट्टा वर नेतो, तुम्ही घसरत खाली येता, पुन्हा पट्टा. चार-पाच वर्षांची पोरं शेजारून भुर्रकन जातात. हा अपमान सगळ्यांच्या वाट्याला येतो, मनाला लावून घेऊ नका.

म्हणून पहिल्या दिवशी त्र्वा व्हालेचा, म्हणजे लिफ्टने एकमेकांना जोडलेल्या तिन्ही खोऱ्यांचा, पास घेऊ नका. प्रौढांना तो दिवसाला ८० युरोच्या आसपास पडतो. शिकणाऱ्यांचे पट्टे फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट असतात किंवा त्यांचा स्वस्त पास असतो. पुढे लागला तर फक्त व्हाल तोराँस आणि शेजारच्या ओरेलचा पास घ्यावा. सहा दिवसांचा मोठा पास काढून पट्ट्यावर बसलेली माणसं मी दर वर्षी बघतो. पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो.

रंगांचं गणित: फ्रान्समध्ये हिरवी, निळी, लाल, काळी असा चढता क्रम. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये हिरवी सहसा नसतेच, निळ्यापासून सुरुवात. पण रंगावर फार विसंबू नका. सकाळी नऊला मशीनने विंचरून ठेवलेली निळी पिस्ट आणि दुपारी चारला हजार लोकांनी उकरलेली तीच पिस्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आठवड्यात फ्रान्सच्याही शाळांना सुट्टी असणार. फेब्रुवारी-मार्चचे चार आठवडे तिथली तीन विभागांची पोरं पाळीपाळीने सुटतात, आणि सगळी डोंगरावरच येतात असं वाटतं. त्यामुळे शिकवणी आजच बुक करा, तिथे जाऊन नाही. मोठ्यांचा सकाळचा गट, मुलीचा तिच्या वयाच्या मुलांचा गट. नवऱ्याला "मी यूट्यूबवर बघून शिकवतो" म्हणू देऊ नका. त्या वाक्याने मोडलेले संसार मला माहीत आहेत.

आता बूट. आठवडा सुखाचा जाणार की नाही हे बर्फ ठरवत नाही, बूट ठरवतात. भाड्याच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते, पोरगा घाईत असतो, आणि आपण "हं, बरा वाटतोय" म्हणून उठतो. माझ्या पहिल्या खेपेला मला एक नंबर मोठा बूट मिळाला आणि मला तो आरामशीर वाटला म्हणून मी खूश! दुसऱ्या दिवशी दुपारी नखं काळी. बूट घट्टच हवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरली पाहिजेत. एकच मोजा, पातळ आणि लांब. दोन मोजे घातले की घडी पडते आणि नडगीवर वळ उठतो. न पटणारा बूट दुसऱ्या दिवशी खुशाल बदलून मागा, त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत.

आणि वजन खरं सांगा! पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटायची, हे ते लोक तुमचं वजन, उंची, वय आणि तयारी बघून बसवतात. कमी सांगितलंत तर स्की उगाचच निसटेल. जास्त सांगितलंत, किंवा नवऱ्याने "मला थोडंफार येतं" अशी फुशारकी मारली, तर हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल. त्या काउंटरवर लाजायचं नाही.

प्रवासाचं उद्या लिहितो, तोही एक अध्याय आहे.

टिरोलकर

"जाऊ नका" म्हणू नका असं सांगितलंय म्हणून म्हणत नाही. 😄 पण पुढच्या वेळेस ऑस्ट्रियात या. एल्माऊ, स्योल, तो विल्डर कायझरचा भाग. खरीखुरी गावं, चर्च, गायी, झाडं. फ्रान्समधली उंचावरची रिसॉर्ट म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत माळरानावर आणून ठेवलेल्या इमारती.

घसरलेला

टिरोलकर, अर्धं मान्य. व्हाल तोराँसला झाड नावाला नाही. २३०० मीटरच्या खालीच झाडांची हद्द संपते. पण दारातून बाहेर पडलं की पायाखाली बर्फ, हे तुमच्या ८०० मीटरवरच्या गावात दर वर्षी मिळेलच असं आता राहिलं नाही. नवशिक्याला शेवटपर्यंत स्कीवर उतरत घरी येता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

झाडं नसण्याचा तोटा मात्र सांगतो, कारण जाहिरातीत तो कुणी सांगत नाही. ढग खाली आले की वरचं पांढरं आणि खालचं पांढरं एक होतं. चढ कुठला, उतार कुठला, आपण उभे आहोत की सरकतोय, हेही कळत नाही. मी एकदा पूर्ण थांबलेला असताना तोल जाऊन पडलोय, कारण मला वाटत होतं मी चाललोय. फ्रेंच लोक याला 'पांढरा दिवस' म्हणतात. अशा दिवशी पिस्टच्या कडेचे खांब बघत उतरायचं. खांबावर पिस्टचा रंग, नाव आणि आकडा असतो. आकडे खाली जाताना कमी होत जातात, म्हणजे '१' आला की पायथा आला. आणि ज्या खांबाचा शेंडा नारिंगी, तो उतरताना उजव्या हाताची कड. हे दोनच नियम लक्षात ठेवले तरी जीव भांड्यात पडतो. खरं तर तुमच्या तयारीच्या माणसाने त्या दिवशी वर जाऊच नये. गरम चॉकलेट प्यावं.

आता प्रवास. श्टुटगार्टहून सात-आठ तास धरा, मग शनिवार आहे म्हणून वर दोन-तीन तास धरा. सगळ्या सॅव्हॉयमधली (हा डोंगराळ प्रांत) अपार्टमेंट शनिवारी रिकामी होतात आणि शनिवारीच भरतात, आणि जाणारे-येणारे सगळे आल्बेरव्हिल ते मूतिए या एकाच दरीतून जातात. (नाव मराठी कानाला कसंही लागो, स्टेशन चांगलं आहे. ट्रेनने आलात तर इथेच उतरून वरची बस.) पहाटे निघा किंवा आदल्या रात्री आनसीच्या आसपास मुक्काम करा. स्वित्झर्लंडमधून येणार असाल तर ४० फ्रँकचा हायवेचा विनियेट (टोलचा स्टिकर) लागेल. फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च विंटर टायर किंवा गाडीत चाकांना लावायची चेन असणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमचे टायर असतीलच, तरी चेन घ्या आणि घरच्या अंगणात एकदा बसवून बघा. मूतिएपासून वर ३७ किलोमीटर वळणं आहेत. अंधारात, बर्फ पडत असताना, मागे बारा गाड्या भोंगे वाजवत असताना चेनची सूचनापत्रिका वाचण्यासारखा दुसरा एकांत नाही.

वर गावात गाडी ठेवता येत नाही. सामान उतरवायला थोडा वेळ देतात, मग गाडी पार्किंगमध्ये जाते ती पुढच्या शनिवारीच बाहेर येते. पार्किंग आधी ऑनलाइन घ्या.

आणि हो, अपार्टमेंट. "चार माणसांसाठी" लिहिलंय ना? किती चौरस मीटर ते बघा. पंचवीस-अठ्ठावीस असेल तर दोन जण हॉलमधल्या सोफ्यावर आणि दोन जण दारालगतच्या बोळात एकावर एक बंकवर. सासूबाई कुठे झोपणार ते आत्ताच ठरवा, तिथे पोचून नाही. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का तेही बघा.

केतकी_श्टुटगार्ट

बापरे! २७ चौरस मीटर आहे. आत्ता बघितलं. बोळातला बंक फोटोत 'माउंटन कॉर्नर' म्हणून दिसतोय, मला वाटलं ती वाचायला बसायची जागा. सासूबाईंना सोफा दिला, मुलीला वरचा बंक, नवऱ्याला खालचा (तो सहा फूट आहे, बंक १८० सेंटिमीटर, त्यानेच बुकिंग केलं होतं).

बाकी वाचून भीती वाढली की कमी झाली ते कळत नाही. जेवणाचं काय? सासूबाई शुद्ध शाकाहारी.

मिताली_पी

जेवणाचं मी सांगते, दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन शेजारच्या खोऱ्यात, मेरिबेलला होतो. सॅव्हॉयचं जेवण म्हणजे चीज, बटाटा, ब्रेड. ऐकायला शाकाहारी, पण तार्तिफ्लेतमध्ये (बटाटा-चीज भाजून केलेला पदार्थ) बेकनचे तुकडे असतात, राक्लेतबरोबर (बटाट्यावर वितळवलेलं चीज) हॅम-सॉसेजची थाळी येते, आणि चीज फाँड्यूत व्हाइट वाइन असते. तिकडचं बोफोर चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या विरजणाने) बनतं, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. राक्लेत मांसाशिवाय मागितलं तर देतात. डोंगरावर मात्र फ्रेंच फ्राइज, सूप आणि ऑम्लेट यावर दिवस काढायची तयारी ठेवा.

आम्ही रात्री घरीच करायचो. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: वर डाळ शिजत नाही! तासभर उकळत होती, दाणा तसाच.

घसरलेला

मिताली, नाहीच शिजणार. व्हाल तोराँसच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यापुढे कितीही आच द्या, ते तापतच नाही. केतकी, छोटा कुकर गाडीत टाका. चेनच्या शेजारी. किराणा खाली आल्बेरव्हिल किंवा मूतिएला भरून घ्या, वर सगळं महाग.

भीतीबद्दल. तुमची भीती चुकीच्या जागी आहे म्हणून थोडी हलवून देतो. पडण्याला घाबरू नका, पट्ट्यावरच्या वेगाला पडून सहसा काही होत नाही. हेल्मेट फ्रान्समध्ये मोठ्यांना सक्तीचं नाही, तरी चौघांनीही घालाच. दर दिवशी पासबरोबर तीन-चार युरोत पिस्टवरच्या बचावाचा विमा मिळतो, तो घ्या. युरोपियन हेल्थ कार्डात दवाखाना येतो, पिस्टवरून स्लेजने खाली आणायचं बिल येत नाही. ते बिल इथे जखमी माणसालाच देतात. पुढच्याचा, म्हणजे तुमच्या खालच्या माणसाचा, हक्क पहिला, हा एक नियम मुलीच्या डोक्यात पक्का बसवा. ती चौथ्या दिवशी तुमच्या पुढे गेलेली असेल, लिहून देतो.

भ्यायचं असेल तर घड्याळाला भ्या. सोळा वर्षांपूर्वीची, माझी स्वतःची गोष्ट आहे. (वर ४४ लिहिलंय ते धडे घेऊन शिकलो तेव्हाचं. ही त्याआधीची, मित्राच्या जुन्या स्की पायात अडकवून 'आपोआप येईल' म्हणून गेलो होतो. ती खेप बायको मोजत नाही, म्हणून मीही मोजत नाही.) राहायला व्हाल तोराँसला, आणि मित्राच्या मागे मागे मधलं मेरिबेलचं खोरं ओलांडून, सोलीर शिखरावरून तिसऱ्या खोऱ्यात, कूर्शव्हेलच्या बाजूला उतरलो. तिकडे ऊन, वाइन, गप्पा. परतताना मधल्या खोऱ्यात मोतारेला पोचलो तर वर चढणारी लिफ्ट पाच मिनिटांपूर्वी बंद. समोर डोंगर, डोंगराच्या पलीकडे माझी खोली, आणि पायात ते बूट. नकाशावर बोटाएवढं अंतर. रस्त्याने मात्र पूर्ण दरी उतरून खाली यायचं आणि शेजारच्या दरीने पुन्हा ३७ किलोमीटर वर. टॅक्सीला शंभराच्या वर युरो गेले, आणि ड्रायव्हर वाटेत सांगत होता की माझ्यासारखा तो रोज एक तरी गिऱ्हाईक नेतो.

मोठ्या रिसॉर्टचा मोठेपणा तुम्हाला असा भेटतो. खोऱ्यांना जोडणाऱ्या शेवटच्या लिफ्टची वेळ नकाशावर छापलेली असते. मधेच एखादी लिफ्ट वाऱ्याने बंद पडू शकते, म्हणून ती वेळ दीड तास अलीकडे ओढायची. दुसरं खोरं तुम्ही पाचव्या-सहाव्या दिवशी बघाल, बघाल तर. तेव्हा बघा हे आठवतंय का.

आणि सकाळी सातला मोठे धमाके ऐकू आले तर घाबरू नका. रात्री बर्फ पडला की गस्तीवाले स्फोट करून सैल बर्फ आधीच पाडून टाकतात. पिस्टवर चालत राहाल तर हिमस्खलनाची काळजी त्यांची. दोरी ओलांडून बाजूच्या कोऱ्या बर्फात गेलात की तुमची. धोक्याची पातळी १ ते ५ मध्ये लावलेली असते. ३ म्हणजे मधली म्हणून लोक ती हलक्यात घेतात, आणि बरेचसे बळी तिथेच जातात. मुलीला हेही सांगा.

रात्री पिस्टवर चांदण्यात फिरायला जाऊ नका. बर्फ विंचरणारी मशीन तीव्र उतारावर जाड तारेला बांधलेली असते. ती तार अंधारात दिसत नाही आणि झटक्यात ताठ होते.

केतकी_श्टुटगार्ट

घसरलेला, तुमचे खूप आभार. हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा टॅक्सीच्या ठिकाणी हसला, बंकच्या ठिकाणी नाही.

सासूबाईंनी एकच विचारलंय: "त्या उंच पाळण्यात मला बसता येईल का?" त्यांना बीपीची गोळी चालू आहे.

घसरलेला

सासूबाईंना नमस्कार सांगा. बसता येईल, आणि माझ्या मते तुमच्या चौघांत त्यांचाच आठवडा सगळ्यात मजेचा जाईल.

स्की न करणाऱ्यांसाठी वेगळा, स्वस्त पास असतो. कुठल्या लिफ्टवर पायी माणसाला घेतात ते नकाशात चालणाऱ्या माणसाच्या चिन्हाने दाखवलेलं असतं. खुर्चीची लिफ्ट टाळा, बंद गोंडोला आणि मोठी केबल कार घ्या. सीम कारों या शिखराची केबल कार ३२०० मीटरवर नेते. स्वच्छ दिवशी तिथून माँ ब्लां, आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, दिसतो. पण ही पहिल्या दिवशीची गोष्ट नाही. व्हाल तोराँसलाच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश आहे, वर आणखी कमी. पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप न लागणं हे तुम्हालाही होईल. जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही उंचींचे आकडे सांगून विचारा: २३०० ला सात रात्री, ३२०० ला अर्धा तास. पहिले दोन दिवस गावातच फिरू देत, भरपूर पाणी, जिना सावकाश. डॉक्टर हो म्हणाले तर चौथ्या दिवशी सकाळी, वारा नसताना न्या.

बुटांना लावायचे काटे घ्या, दहा-पंधरा युरोत मिळतात. गावातले रस्ते काचेसारखे असतात आणि हाडं स्कीवर कमी, बेकरीला जाताना जास्त मोडतात. गॉगल त्यांनाही हवाच, खिडकीत बसल्या तरी. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालून सनस्क्रीन लावायचं, ऊन तिथे खालून लागतं.

मुलीला आणि नवऱ्याला एका संध्याकाळी स्लेजच्या वाटेवर पाठवा. सहा किलोमीटर लांब आहे, सातशे मीटर खाली येते. त्याला स्की जमली नाही तरी सांगायला काहीतरी होईल.

केतकी_श्टुटगार्ट

सासूबाई विचारतायत की वर अर्धाच तास का, आणि वर चहा मिळतो का.

घसरलेला

अर्धा तास थंडीमुळे. खाली उणे आठ असेल तर वर उणे चौदा, आणि वारा वेगळा. चहाचा भरवसा धरू नका, थर्मास भरून न्या. आणि त्यांना सांगा, वर पोचल्या पोचल्या आधी परतीच्या शेवटच्या केबल कारची वेळ बघायची, मग माँ ब्लां.